सूत्र बरोबर, उत्तर शून्य

दहावीच्या गणिताच्या पुस्तकात सांख्यिकीचा एक धडा असतो. त्यात मध्य काढायच्या तीन पद्धती दिलेल्या असतात: सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत. वर्गातल्या बहुतेकांना पहिली लगेच कळते आणि दुसरी कशासाठी आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. सरळ बेरीज करून भागाकार करता येत असताना आधी एक संख्या ‘मानायची’, ती सगळ्यांतून वजा करायची, उरलेल्या चिमुकल्या आकड्यांचा मध्य काढायचा आणि शेवटी मानलेली संख्या परत मिळवायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? शिक्षक सांगतात, आकडे लहान होतात, आकडेमोड सोपी होते. मग परीक्षा होते, हातात कॅल्क्युलेटर येतो आणि गृहीतमध्य डोक्यातून निघून जातो.

गंमत अशी, की संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्याही डोक्यातून तो असाच निघून गेला होता. आणि त्याची किंमत जगातल्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरनी कित्येक वर्षं मोजली. बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही न येता.

तीन संख्या घेऊ. शंभर कोटी एक, शंभर कोटी दोन, शंभर कोटी तीन.

१,००,००,००,००१
१,००,००,००,००२
१,००,००,००,००३

यांचं प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, किती? प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. तीन विषयांत ५०, ५०, ५० गुण मिळवणारा आणि २०, ५०, ८० मिळवणारा, दोघांची सरासरी एकच. पण दुसऱ्याचे गुण पसरलेले आहेत, हे सरासरी सांगत नाही, प्रमाण विचलन सांगतं. आपल्या तीन संख्यांत मधली संख्या हीच सरासरी आणि शेजारच्या दोन्ही तिच्यापासून एकेका अंतरावर. नमुन्याच्या नेहमीच्या सूत्राने उत्तर येतं १. कागदसुद्धा लागत नाही.

आता हाच प्रश्न पोस्टग्रेस या डेटाबेसला विचारला असता तर? जगभर हजारो कंपन्या, सरकारी खाती आणि ॲप ज्यावर चालतात असा हा डेटाबेस. या तीन संख्या फ्लोटिंग-पॉइंट प्रकारच्या रकान्यात भरून २०१९च्या ऑक्टोबरआधीच्या आवृत्तीला प्रमाण विचलन विचारलं, तर उत्तर यायचं ०. म्हणजे तिन्ही संख्या एकच आहेत, पसारा मुळीच नाही. पडद्यावर लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. नुसतं शून्य, एखाद्या खऱ्या उत्तरासारखं.

हे शून्य कुठून आलं आणि इतकी वर्षं तिथे कसं टिकलं, त्याचा हा इतिहास.

एकाच गोष्टीची दोन सूत्रं

प्रमाण विचलन काढायचा सरळ मार्ग असा: सरासरी काढा, प्रत्येक संख्येतून ती वजा करा, फरकांचे वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, संख्यांच्या संख्येतून एक कमी करून त्याने भागा आणि वर्गमूळ घ्या. यात एक अडचण आहे. सगळे आकडे दोनदा वाचावे लागतात. एकदा सरासरीसाठी, दुसऱ्यांदा फरकांसाठी.

बीजगणित थोडं फिरवलं की दुसरं सूत्र मिळतं. आकडे एकदाच वाचत जा. वाचताना दोन बेरजा सांभाळा: एक आकड्यांची, दुसरी त्यांच्या वर्गांची. शेवटी वर्गांच्या बेरजेला आकड्यांच्या संख्येने गुणा, त्यातून पहिल्या बेरजेचा वर्ग वजा करा आणि जे उरेल त्याला दोन साध्या संख्यांनी भागा. वर्गमूळ घेतलं की उत्तर तयार. दोन्ही सूत्रं एकच आहेत, हे अकरावी-बारावीतला विद्यार्थी पाच ओळींत सिद्ध करून दाखवेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हे दुसरं सूत्र फार लाडकं होतं. तेव्हा सांख्यिकीचं काम टेबलावर ठेवायच्या यांत्रिक गणकयंत्रांवर चाले. दांडा फिरवायचा किंवा कळा दाबायच्या, दातेरी चाकं फिरायची आणि खिडकीत आकडे उमटायचे. अशा यंत्रावर आकड्यांची बेरीज आणि वर्गांची बेरीज एकाच दमात साठवत जाता येई. दिवसभर यंत्रावर बसणाऱ्या माणसाचं निम्मं काम वाचे.

पण त्या माणसाला एक गोष्ट दिसत असे. यंत्राच्या खिडकीत मोजकेच आकडे मावतात. शंभर कोटींचे वर्ग करायला गेलो तर ते भरून वाहणार, हे त्याला डोळ्यांनी कळे. म्हणून तो आधी एक सोयीची संख्या वजा करून घेई. आपल्या तीन संख्यांतून शंभर कोटी वजा केले की उरतात १, २, ३. बेरीज ६, वर्गांची बेरीज १४. तीन गुणिले चौदा म्हणजे ४२, सहाचा वर्ग ३६, फरक ६. त्याला तीन गुणिले दोन, म्हणजे ६ने भागलं की १. गृहीतमध्य पद्धत ती हीच. आकडेमोड सोपी होते हे खरंच, पण आणखी एक होतं: यंत्राच्या मोजक्या जागेत खरी माहिती मावते.

इलेक्ट्रॉनिक संगणक आला आणि खिडकी गेली. सूत्र तेवढं नव्या यंत्रात उतरवलं गेलं. गृहीतमध्य मागेच राहिला.

तरंगणारं दशांश चिन्ह

खिडकी गेली म्हणून जागा अमर्याद झाली नव्हती. संगणकाला अतिशय मोठ्या आणि अतिशय लहान संख्या एकाच साच्यात ठेवायच्या असतात. त्यासाठी फ्लोटिंग-पॉइंट ही युक्ती वापरतात. संख्येतले पहिले काही महत्त्वाचे आकडे ठेवायचे आणि दशांश चिन्ह कुठे आहे ते वेगळं लिहून ठेवायचं. चिन्ह हवं तिकडे सरकतं, म्हणून ‘तरंगणारं’. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे याने १९४१ साली पूर्ण केलेल्या झेड-३ या यंत्रात ही पद्धत होती, आणि तीही द्विमान म्हणजे ० आणि १ च्या भाषेत. तिथे एका संख्येला २२ बिट मिळत.

आज तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, सर्व्हरवर सर्रास वापरला जाणारा साचा ६४ बिटांचा आहे. त्यातले ५३ बिट महत्त्वाच्या आकड्यांच्या कामी येतात. आपल्या दशमान भाषेत हे साधारण १५-१६ आकडे होतात. पुढचे आकडे गाळले जातात, जवळच्या मावणाऱ्या संख्येत बसवले जातात.

याची एक खूण प्रसिद्ध आहे. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ करत कधी संपत नाही, तसाच एक दशांश हा अपूर्णांक द्विमानात कधी संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो. तिथून केसाएवढा फरक पडतो. एवढ्याशा फरकाने कुणाचं काही बिघडत नाही, असं वाटणं साहजिक आहे. बऱ्याचदा ते खरंही असतं.

आता आपल्या तीन संख्यांकडे परत येऊ. शंभर कोटी एकचा वर्ग केला की १९ आकडी संख्या येते: १ वर अठरा शून्यांची संख्या, अधिक दोनशे कोटी, अधिक १. साच्यात मावतात जेमतेम सोळा. त्या उंचीवर शेजारशेजारच्या दोन मावणाऱ्या संख्यांत १२८चं अंतर असतं. म्हणून शेवटचा १ गळतो. दुसऱ्या संख्येच्या वर्गातले शेवटचे ४ गळतात, तिसऱ्याच्या वर्गातले ९ गळतात. गृहीतमध्य घेऊन केलेला हिशोब आठवा: १, ४ आणि ९ यांची बेरीज १४. सगळा पसारा त्या चौदात होता. यंत्राने वर्ग करतानाच तो टाकून दिला. बेरजेच्या वर्गातले ३६सुद्धा तसेच गळतात. मागे दोन अवाढव्य, हुबेहूब सारख्या संख्या उरतात. त्यांची वजाबाकी शून्य.

साखर कारखान्यात उसाची ट्रॉली आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. फरक म्हणजे उसाचं वजन. टनांतल्या उसासाठी ही पद्धत चोख आहे. पण त्याच काट्यावर ड्रायव्हरच्या खिशातल्या मोबाइलचं वजन काढायचं ठरवलं तर? एकदा मोबाइलसकट ट्रॉली तोला, एकदा मोबाइल काढून. काटा दहा किलोंच्या पायरीने आकडा दाखवत असेल, तर मोबाइलचं वजन शून्य. काट्यात बिघाड नाही, वजाबाकीतही चूक नाही. मोबाइल ट्रॉलीसकट तोलायला नको होता.

प्रत्येक यंत्राचं आपलं अंकगणित

१९६०च्या दशकात हे दुखणं आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण प्रत्येक कंपनीच्या संगणकाचं अंकगणित निराळं होतं. एकाच प्रोग्रॅमचं उत्तर एका यंत्रावर एक, दुसऱ्यावर दुसरं. काही यंत्रांवर एखादी अगदी लहान संख्या तुलना करताना शून्य नसे आणि गुणाकार करताना शून्य होऊन बसे. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टम/३६० या गाजलेल्या मालिकेत दुप्पट लांबीच्या संख्यांची वजाबाकी करताना एक जादा आकडा सांभाळायची सोय ठेवलेली नव्हती. वापरकर्त्यांनी इतका आरडाओरडा केला, की १९६७च्या सुमारास कंपनीला आधीच बसवलेली यंत्रंसुद्धा जागेवर जाऊन दुरुस्त करून द्यावी लागली.

त्याच वर्षी, १९६७ साली, अमेरिकेतल्या जे. डब्ल्यू. लाँगली यांनी एक साधा, चिवट प्रयोग छापला. त्यांनी १९४७ ते १९६२ या १६ वर्षांची अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेची आणि रोजगाराची आकडेवारी घेतली. तिच्यावरचं सांख्यिकी गणित टेबलावरच्या गणकयंत्राने, हाताने, सगळे आकडे सांभाळून केलं. मग तीच आकडेवारी तेव्हाच्या नावाजलेल्या संगणक-प्रोग्रॅमना दिली. उत्तरं एकमेकांशी जुळेनात. काहींचे पहिले थोडे आकडे बरोबर होते, काहींचा एकही नव्हता. संगणकाने दिलेली आठ-आठ आकडी उत्तरं लोक विश्वासाने अहवालांत छापत होते, त्या काळातली ही गोष्ट.

या गोंधळातून बाहेर काढण्याचं मोठं श्रेय विल्यम कहान या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञाकडे जातं. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत प्राध्यापक होते. इंटेलने आपल्या नव्या गणिती चिपसाठी त्यांचा सल्ला घेतला. ती चिप, ८०८७, १९८० साली आली. तिच्यासोबत जे नियम घडत गेले, तेच वाटाघाटी आणि भांडणं पार करून १९८५ साली आयईईई ७५४ हे सर्वमान्य मानक झाले. किती बिट, गाळताना कुठल्या बाजूला झुकायचं, शून्याने भागलं तर काय दाखवायचं, सगळं त्यात ठरलं. १९८९ साली कहान यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज तुमच्या हातातला फोन त्याच नियमांनी गणित करतो.

पण मानकाने सगळ्या यंत्रांना एकसारखं अंकगणित दिलं, सूत्र निवडायची अक्कल दिली नाही. ती द्यायचा मानकाचा उद्देशही नव्हता. १९८५ नंतर आपल्या तीन संख्यांचं उत्तर मानक पाळणाऱ्या बहुतेक यंत्रांवर सारखंच येऊ लागलं. चुकीच्या सूत्राने शून्य.

दोन पानांचं टिपण

आता या इतिहासातली सगळ्यात टोचणारी तारीख. या दुखण्यावरचं औषध १९६२ सालीच छापलं गेलं होतं. ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात बी. पी. वेलफर्ड यांचं जेमतेम दोन पानांचं टिपण आलं. आकडे एकदाच वाचायचे, तरीही मोठे वर्ग करायचे नाहीत, अशी युक्ती त्यात होती.

युक्ती अशी. गृहीतमध्य आधीच ठरवून ठेवू नका. पहिला आकडा आला की तोच मध्य माना. पुढचा आकडा आला की मानलेल्या मध्यापासून तो किती दूर आहे ते बघा, मध्य त्याच्याकडे योग्य तेवढा सरकवा आणि पसाऱ्याच्या खात्यात योग्य तेवढी भर घाला. गृहीतमध्य आकड्यांबरोबर चालत राहतो.

आपल्या संख्यांवर करून बघू. पहिली आली: मध्य शंभर कोटी एक, पसारा ०. दुसरी आली: ती मध्यापासून १ने पुढे. मध्य अर्ध्याने सरकून शंभर कोटी दीड. नव्या मध्यापासून तिचं अंतर अर्धा, जुन्यापासून १. दोन्हींचा गुणाकार ०.५, तो पसाऱ्यात जमा. तिसरी आली: मध्यापासून दीडने पुढे. मध्य एक तृतीयांशाने म्हणजे अर्ध्याने सरकून शंभर कोटी दोन. नवं अंतर १, जुनं दीड, गुणाकार १.५. पसारा झाला २. त्याला एकूण संख्यांपेक्षा एक कमी, म्हणजे २ने भागा: १. वर्गमूळही १. कुठेही एकोणीस आकडी संख्या आली नाही, कुठलाच आकडा गळला नाही.

डोनल्ड नुथ यांनी १९६९ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात वेलफर्डची रीत नावानिशी दिली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कपाटात हा ग्रंथ असतोच. १९७१ साली यंग्ज आणि क्रेमर यांनी तिच्याच जातीची आणखी एक रीत मांडली. १९७९ साली चॅन, गोलब आणि लव्हेक यांनी पुढचा प्रश्न सोडवला: आकड्यांचे दोन ढीग दोन जणांनी वेगवेगळे मोजले असतील, तर दोघांचे मध्य आणि पसारे जोडून सबंध ढिगाचं उत्तर कसं काढायचं? आज एकच प्रश्न अनेक प्रोसेसर वाटून घेतात, तिथे हीच जोडणी कामी येते.

म्हणजे १९७९पर्यंत निदान होतं, औषध होतं आणि पुढच्या काळात लागणारी मात्रासुद्धा लिहून ठेवलेली होती. अडलं कुठे?

ऋण आलं तर शून्य म्हण

जुन्या सूत्राचं शून्य हे सौम्य लक्षण. आकडे थोडे वेगळे असतील, तर गाळणी दोन्हीकडे असमान होते आणि वजाबाकी चक्क ऋण येते. पसारा ऋण असूच शकत नाही. वर्गांची बेरीज ऋण कशी असेल? पुढे त्याचं वर्गमूळ घ्यायला गेलं की यंत्र अडतं.

खरं तर हा यंत्राने मारलेला हाकारा होता: हिशोबातली माहिती संपली आहे, उरलाय तो कचरा. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यावर व्यवहारी तोडगा काढला. वजाबाकी ऋण आली तर शून्य परत द्या. पोस्टग्रेसच्या जुन्या कोडमध्ये ही अट होती आणि तिच्याजवळ टीपही होती, की आकडे गाळल्यामुळे इथे ऋण उत्तर येऊ शकतं, सांभाळा. म्हणजे लिहिणाऱ्याला रोग ठाऊक होता. त्याने ताप उतरवायची गोळी दिली. त्यालाही दोष देता येत नाही. तक्रार प्रोग्रॅम अडल्याची येते. चुकीच्या शून्याची तक्रार कोण करणार? ते चूक आहे हे कळायला आधी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असतं तर डेटाबेसला विचारलंच कशाला असतं?

गप्प चूक किती काळ गप्प राहू शकते, याचं उदाहरण कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या शेअर बाजाराने दिलं आहे. तिथे जानेवारी १९८२मध्ये नवा निर्देशांक १००० पासून सुरू झाला. दिवसातून सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने मोजला जाई, आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचं सगळं सरळ छाटलं जाई. जवळच्या संख्येकडे झुकायचं नाही, नुसतं खाली. नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर आला होता. हिशोब दुरुस्त केला तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. बाजार वर गेला होता आणि बावीस महिने आकडा सांगत होता की तो निम्मा झाला. ही चूक आपल्या सूत्राची नव्हे, छाटण्याची. पण गप्प राहण्याची रीत तीच.

आणि औषध उशिरा पोचलं की काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धहरान. क्षेपणास्त्र पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सलग शंभर तासांहून जास्त काळ चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होतं आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत छाटून ठेवलेली होती. शंभर तासांत ही छाटणी साचून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पॅट्रियटने आकाशात भलतीकडे पाहिलं, स्कड बराकीवर पडलं, २८ सैनिक मेले. यंत्रणा फार वेळ चालू राहिली की नेम सरकतो, हे इस्रायलच्या आकडेवारीवरून त्याच महिन्यात कळलं होतं. दुरुस्त सॉफ्टवेअर तयार होऊन निघालंही होतं. ते धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला.

सांख्यिकीच्या सूत्रात कुणाचा असा जीव गेल्याची नोंद नाही. तिथे दुरुस्तीला वाटेत दिवस नाही, दशकं लागली.

१९९९ साली मॅक्युलॉ आणि विल्सन या दोघांनी एक्सेल ९७ची सांख्यिकी तपासणारा शोधनिबंध छापला. परीक्षेसाठी त्यांच्यापुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, तयार केलेले आकड्यांचे संच होते, ज्यांची बरोबर उत्तरं आधीच नेमकी काढून ठेवलेली आहेत. त्यातल्या एका संचात फक्त तीन आकडे आहेत: एक कोटी एक, एक कोटी तीन, एक कोटी दोन. या लेखाच्या सुरुवातीचे तीन आकडे त्यांचेच धाकटे भाऊ, नव्या साच्यासाठी थोडे फुगवलेले. निबंधाचा निष्कर्ष होता, की सांख्यिकीसाठी एक्सेल ९७ वापरू नये. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाचं जुनं सूत्र बदलून आकडे दोनदा वाचणारी रीत आली ती २००३च्या आवृत्तीत.

डेटाबेसला आणखी वेळ लागला. पोस्टग्रेसचा जन्म १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाला. कुठे? बर्कलीतच. कहान ज्या विद्यापीठात गाळल्या जाणाऱ्या आकड्यांबद्दल शिकवत होते, तिथेच. पण डेटाबेसवाल्यांची चिंता वेगळी असते: लाखो ओळी डिस्कवरून एकदाच वाचायच्या, व्यवहार हरवू द्यायचा नाही, वीज गेली तरी हिशोब शाबूत राहायला हवा. पूर्णांकांच्या रकान्यांसाठी पोस्टग्रेस आधीपासून सगळे आकडे सांभाळून नेमका हिशोब करत असे. फ्लोटिंग-पॉइंटच्या रकान्यांना मात्र जुनं, एका दमाचं सूत्र चिकटून राहिलं. अखेर ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीत त्याची जागा यंग्ज आणि क्रेमर यांच्या रीतीने घेतली. १९७१ ते २०१९: अठ्ठेचाळीस वर्षं. वेलफर्डच्या टिपणापासून मोजली तर सत्तावन्न.

तुमच्या खिशातले तेरा आकडे

शंभर कोटी एक, शंभर कोटी दोन, असे आकडे कुणाच्या डेटाबेसमध्ये असतात, असं वाटू शकतं. तुमच्या फोनमध्ये या क्षणी असतात. बहुतेक संगणकी घड्याळं १ जानेवारी १९७०पासून किती वेळ लोटला ते मोजतात. मिलिसेकंदांत मोजलं तर आज ही संख्या तेरा आकडी आहे. तुम्ही जेवण मागवलं, रिक्षा बोलावली, पैसे पाठवले, की असा एक तेरा आकडी शिक्का कुठल्या तरी तक्त्यात पडतो. त्याचा वर्ग पंचवीस आकडी. साच्यात मावतात सोळा. अशा शिक्क्यांचं प्रमाण विचलन जुन्या सूत्राने काढलं, तर संध्याकाळच्या गर्दीत एकामागोमाग आलेल्या ऑर्डरी एकाच क्षणी आल्यासारख्या दिसू शकतात, किंवा पसाऱ्याचा भलताच आकडा समोर येऊ शकतो.

आज मोठ्या डेटाबेसमध्ये हे दुखणं बरंचसं गेलंय. पण सूत्र गेलेलं नाही. ते पाठ्यपुस्तकांत आहे, आणि असायलाही हवं, कारण कागदावर ते बरोबर आहे. कागदावर आकडे कधी गळत नाहीत. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखादा नवा विद्यार्थी किंवा घाईतला प्रोग्रॅमर एखाद्या तक्त्यावर स्वतः प्रमाण विचलन काढायला बसतो: वर्गांची सरासरी काढतो, त्यातून सरासरीचा वर्ग वजा करतो, आणि छोट्या आकड्यांवर उत्तर जुळलं की काम झालं म्हणतो. १, २, ३ वर ते जुळतंच. तिथे खाली गळण्यासारखं काही नसतं.

म्हणून अशा कुठल्याही हिशोबाची परीक्षा घ्यायची असेल तर एक घरगुती उपाय आहे. १, २, ३ वर उत्तर बघा. मग प्रत्येक आकड्यात शंभर कोटी मिळवा आणि परत बघा. सगळ्यांत सारखीच संख्या मिळवली तर पसारा बदलत नाही. दहा मित्र रांगेत उभे असतील आणि सगळे एकेका पायरीवर वर चढले, तर त्यांच्या उंचीतला फरक तोच राहतो. दोन्ही वेळा उत्तर १ आलं तर हिशोब लिहिणाऱ्याला गृहीतमध्य आठवत होता. दुसऱ्या वेळी शून्य आलं, तर त्याला दहावीचं पुस्तक दाखवा. सांख्यिकीचा धडा, दुसरी पद्धत.